दारातली झडती

आमच्या बिबवेवाडीच्या फ्लॅटच्या दारात वडील पहारा द्यायला लागले, त्याला आता दीड वर्ष होईल. बेल वाजली की माझ्याआधी ते हजर. येईल त्याचे खिसे चाचपायचे, पिशवीत डोकवायचे. इस्त्रीवाला हसला, शेजारच्या वहिनी हसल्या नाहीत. घरातल्या काड्यापेट्या नाहीशा व्हायच्या, गॅसचा लायटर कधी गादीखाली तर कधी चपलांच्या कपाटात सापडायचा. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश समजावून सांगितला होता, मला तो कळलाही होता. पण कळलं म्हणून संताप थोडाच थांबतो? एकदा जिन्यात, चारचौघांसमोर मी त्यांच्यावर ओरडलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा दारात जाऊन उभे राहिले.

दिवसभर त्यांना सांभाळणाऱ्या तिसऱ्या बाईंनीही पर्स उचकल्याचं निमित्त होऊन काम सोडलं, तेव्हा मी शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमाचा फॉर्म आणून भरला. फक्त आईची सही राहिली होती. "तू म्हणशील तसं," ती म्हणाली, पण पेन काही हातात घेईना. फॉर्म आठवडाभर माझ्या शर्टाच्या खिशात फिरत राहिला. ऑफिसात लक्ष लागेना, घरी बसवेना.

त्या रविवारी खडकीहून वडिलांचे कारखान्यातले एक जुने सहकारी, आमचे काकाच, भेटायला आले. वडील पुढे सरसावले, मी ओशाळून मध्ये पडणार, तोवर काकांनी किल्ल्या, मोबाइल, घड्याळ मुकाट्यानं चपलांच्या कपाटावर काढून ठेवलं आणि दोन्ही हात वर करून ते उभे राहिले. वडिलांनी त्यांना चाचपलं, मान हलवली. काका आत आले, जणू रोजचंच.

चहा घेताना त्यांनी सांगितलं, की दारूगोळ्याच्या ज्या विभागात वडील होते तिथे आत काडीसुद्धा न्यायची मनाई होती, आणि पाळी सुरू होताना आपल्या माणसांची झडती वडील स्वतः घ्यायचे.

"संशय नसायचा हो त्याचा कुणावर," काका म्हणाले. "एक काडी आत गेली तर सगळे जातील, ही धास्ती. आमच्यावर जीव होता त्याचा."

कारखान्यातलं घरी बोलायचं नाही, हा वडिलांचा शिरस्ता. मीही कधी विचारलं नव्हतं. घर वाचवायला उभ्या राहिलेल्या माणसाला मी घराबाहेर काढायला निघालो होतो. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारातच मी खिसे रिकामे केले. किल्ल्या, मोबाइल. मग सिगारेटचा लायटर. पन्नाशीला आलो, तरी तो त्यांच्यापासून लपवत होतो. शेवटी घडी घातलेला फॉर्म. वडिलांनी लायटर बराच वेळ निरखला. फॉर्म उलगडला, उलटसुलट पाहिला, पुन्हा घडी घातली आणि सगळं बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवून झाकण दाबलं.

"सुटताना मागून घ्या," ते म्हणाले. मी कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. "आता आत जा."

काही सोपं झालेलं नाही. काड्यापेट्या अजूनही सापडत नाहीत. आईनं देवापुढे विजेचा दिवा लावलाय आणि तो तिला मुळीच आवडत नाही. नवीन बाई येतात, त्यांना मी दारातली पद्धत आधीच सांगून ठेवतो. रोज सकाळी निघताना वडिलांकडून किल्ल्या आणि मोबाइल मागून घेतो. लायटर आणि फॉर्म अजून मागितलेला नाही.