भावजयीची आखाजी

माझ्या पायाला भिंगरी आहे आणि सणासुदीला ती जरा जास्तच फिरते. जळगावच्या एका शाळेच्या ऑफिसात मी कारकून आहे. आखाजी येते नेमकी निकालाच्या दिवसांत, त्यामुळे दोन दिवसांची रजा आणि हातात कामांची यादी, अशी मी दरवर्षी माहेरी निघते. आमचे हे म्हणतात, तू वर गेलीस तरी चित्रगुप्ताला म्हणशील, जरा लवकर उरका. म्हणू देत. आमचं घर माझ्या घाईवर चालतं, त्यांच्या विनोदांवर नाही.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. अक्षय तृतीया ती आमची आखाजी. बाकीच्यांची दिवाळी मोठी असेल, आमच्याकडच्या बाईला विचाराल तर ती आखाजीच सांगेल. सासरी गेलेली लेक आखाजीला माहेरी येते. कडुनिंबाला झोका बांधलेला असतो. तिने झोके घ्यायचे, मेंदी काढायची, आमरस आणि मांडे खायचे, दुपारभर लोळायचं आणि काडी इकडची तिकडे करायची नाही. पाण्याचा पेलासुद्धा तिच्या हातात आणून देतात. वर्षभर राबणाऱ्या बाईची ही हक्काची सुट्टी.

ती सुट्टी मी कधी घेतलीच नाही. सकाळच्या गाडीने नरडाण्याला उतरायचं, धाकट्या भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून गावात शिरायचं आणि ओट्यावर टेकायच्या आधी यादी काढायची. कुरडया-पापड डब्यात भरायचे, वर्षाचा मसाला बांधून घ्यायचा, गावातल्या दोन लग्नांत तोंड दाखवायचं, सणाच्या दिवशी मांडे गरमगरम गिळायचे आणि संध्याकाळी परत. आईवडील जाऊन आठ वर्षं झाली. आता त्या घरात भाऊ आणि भावजय, दोघंच. त्यांचा मुलगा सुरतेला नोकरीला आहे. भावजय दरवर्षी म्हणायची, अक्का, एक झोका तरी घ्या. आणि मी दरवर्षी म्हणायची, पुढच्या वर्षी गं, आत्ता कुठे वेळ आहे.

ही भावजय म्हणजे बोलायला कमी आणि कामाला वाघ. तिचे मांडे खायला लोक वाट वाकडी करून येतात. मांडा म्हणजे आमची पुरणपोळी, पण पोळपाटावरची नव्हे. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत पसरायचा, कोपरापर्यंत येईल एवढा मोठा करायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. भावजय तो हातावर घेते तेव्हा वाटतं, यात काय अवघड आहे? हातच्या काकणाला आरसा कशाला, पुढे कळेलच.

गेल्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी मी अशीच पोचले. यादीतल्या पहिल्या कामाला लागले, म्हणजे कुरडया डब्यात रचायला बसले. भावजय समोर पुरणाची डाळ निवडत होती. तिचा फोन वाजला. तिच्या मांडीवर सूप होतं, म्हणून तिने एका बोटाने स्पीकर लावला. पलीकडे तिची एरंडोलची आई. आमचं सगळं बोलणं अहिराणीतच असतं. इथे मी सगळ्यांना कळेल असं लिहिते आहे, पण लेकीला लाडाने माय म्हणणाऱ्या म्हातारीचे ते शब्द मला बदलवत नाहीत.

"माय, झोका बांधेल शे. तू कव्हय येशी?"

"पुढला सालले येसू," भावजय म्हणाली आणि इकडचं तिकडचं बोलून तिने फोन ठेवला.

माझा हात डब्यातच राहिला. पुढच्या वर्षी येईन हे माझं वाक्य होतं, अगदी माझंच. मी विचारलं, तू आखाजीला एरंडोलला शेवटची कधी गेली होतीस? ती म्हणाली, असू द्या हो अक्का. पण आम्ही कारकून माणसं, उत्तर मिळाल्याशिवाय फाईल सोडत नाही. शेवटी तिने डाळीकडे बघत सांगितलं. लग्नानंतरची पहिली आखाजी तेवढी तिची झाली. पुढच्या वर्षापासून माझी आई तिला म्हणायची, आपली लेक येणार आहे, तू गेलीस तर मांडे कोण करणार? आई गेल्यावर अडवायला कोणी उरलं नाही, तर हिचं हिनेच ठरवलं, की नणंद घरी यायची आणि चूल थंड, हे बरं दिसत नाही. एकतीस वर्षं झाली. तशी ती दिवाळीला, लग्नकार्याला माहेरी जाऊन यायची, पण तिथेही पदर खोचून कामच करायची. लेक म्हणून नुसतं बसायचं ते फक्त आखाजीला, आणि आखाजीला मी यायची. तिकडे आई चौऱ्याऐंशीची, नजर जवळजवळ गेलेली. तरी नातवाच्या मागे लागून दरवर्षी झोका बांधून घेते, आणि आखाजी झाली की सोडायला लावते.

मला कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. एकतीस वर्षं ही बाई माझ्यासाठी चुलीशी बसली, आणि मी काय केलं? मांडे गिळले आणि गाडी पकडली. जळगावहून एरंडोल तासाभराचं. एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या गणपतीला मी चारदा जाऊन आले, पण तिच्या आईच्या दारात पाच मिनिटं थांबले नाही. प्रत्येक वेळी घाई.

मी डबा बाजूला सारला आणि म्हटलं, तू आत्ताच्या आत्ता निघ. ती घाबरलीच. उद्या पितरांची घागर भरायची, नैवेद्य करायचा, मांड्यांचं काय? मी म्हटलं, मांडे मी करीन. यावर माझी भावजय माझ्या तोंडावर हसली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. भाऊ गोठ्याशी उभा होता, तोही हसला. मग तर मी इरेलाच पेटले. घाई कशी करायची हे मला कोणी शिकवायला नको. वीस मिनिटांत तिची पिशवी भरली, दोन चांगल्या साड्या घातल्या, मसाल्याचा माझा वाटा म्हातारीसाठी बांधला आणि तिला मोटरसायकलवर बसवलं. आयुष्यभर केलेल्या घाईतली तेवढीच सत्कारणी लागली असेल. भावाने तिला धुळ्याच्या स्टँडवर जळगावच्या बसमध्ये बसवून दिलं, एरंडोल त्याच वाटेवर. निघतानाही ती सांगत होती, खापर हळूहळू तापवा, कणीक भरपूर तिंबा. मी हो हो म्हटलं आणि त्यातलं काही ऐकलं नाही.

आखाजीचा दिवस उजाडला. भावाने नवी घागर भरली, तिच्यावर खरबूज आणि आंबा ठेवला, पूजा केली. आता नैवेद्याचे मांडे. माझा हिशोब साधा होता: दहाला चूल, अकराला मांडे, साडेअकराला नैवेद्य. कणीक पाच मिनिटं तिंबली. चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, भसाभसा कोंबल्या. जाळ पार वर आला. मी म्हटलं, बघ, दोन मिनिटांत तापतं की नाही. दोन मिनिटांत खापर तापलं नाही, तडकलं. इकडून तिकडे उभी चीर.

भावाने खिशातून फोन काढला. मी त्याला बजावलं, तिला फोन केलास तर याद राख. ती तिकडे बसलीय, तिला बसू दे. इथे खापर फुटलं हे तिला कळलं असतं, तर ती मिळेल त्या गाडीने परत आली असती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मग आम्ही दोघं पन्नाशी उलटलेली भावंडं घरभर खापर शोधत फिरलो. धान्याच्या कोठीमागे, पोत्यात गुंडाळलेलं दुसरं खापर निघालं. ती एक जास्तीचं ठेवते, हे एकतीस वर्षं संसार केलेल्या भावालाही माहीत नव्हतं. मी त्याला त्यावरून बरंच सुनावलं. त्याने ऐकून घेतलं आणि चुलीशी बसून एकेक पऱ्हाटी सरकवू लागला.

"ती एवढा जाळ कधीच करत नाही, अक्का," तो म्हणाला. "एक काडी सारते आणि गप्पा मारत बसते."

कोणाशी, असं मी विचारलं, तर म्हणाला, माझ्याशी. आणि चक्क लाजला.

करणार काय, खापर तापेपर्यंत मीही बसले. कणीक पुन्हा तिंबायला घेतली, आणि ती हाताला लोण्यासारखी लागेपर्यंत तास गेला. त्या तासात माझ्या भावाने मला जे सांगितलं ते आठ वर्षांत सांगितलं नव्हतं. मुलगा सुरतेहून परत यावा असं त्याला वाटतं, पण बोलायचा धीर होत नाही. विहिरीवर लावलेली पेरूची कलमं जगली आहेत. गुडघा दुखतो. मी नुसतं हं हं करत होते, आणि मला घड्याळ बघायची आठवण झाली नाही.

पहिला मांडा माझ्या कोपरावरून थेट राखेत गेला. दुसऱ्याला एवढं भोक पडलं की त्यातून भाऊ मला दिसत होता. तिसऱ्यातलं पुरण खापरावर सांडून जळालं आणि धुराने दोघांच्या डोळ्यांना धारा लागल्या. रडतोय की हसतोय तेच कळेना. पाचवा आणि सातवा तेवढे मांड्यासारखे दिसले. दुपारी दोनला आम्ही निखाऱ्यांवर पितरांच्या नावाने घास टाकला. भाऊ हात जोडून म्हणाला, सून माहेरी गेली आहे, यंदा लेकीच्या हातचं गोड मानून घ्या. आईने वरून नक्की नाक मुरडलं असणार. मुरडू दे बाई, सुनेला अडवायची सुरुवात तूच केली होतीस.

जेवणं झाली आणि मला करायला काही उरलं नाही. यादी होती, पण तिच्यात मन लागेना. मग मी कडुनिंबाखाली जाऊन झोक्यावर बसले. आधी आजूबाजूला बघून घेतलं, कोणी पाहत तर नाही. या वयात झोक्यावर चढायचं म्हणजे घाबरायला होतं. पण एकदा पाय जमिनीवरून सुटले आणि काय सांगू, इतकं बरं वाटलं. निंबाचा बारीक फुलोरा डोक्यावर गळत होता, खाली सावली इकडून तिकडे होत होती. भावाने न मागता पाण्याचा पेला आणून दिला. मी तिथूनच शाळेत फोन करून आणखी दोन दिवसांची रजा मागितली. मुख्याध्यापकांनी विचारलं, कोणी आजारी आहे का? मी म्हटलं, नाही सर, सण आहे.

भावजय दुसऱ्या दिवशी परत येणार होती. आली नाही. भाऊ संध्याकाळपर्यंत चार वेळा रस्त्यापर्यंत जाऊन आला. त्याची स्वयंपाकघरातली मजल चहापर्यंतच, आणि माझ्या हातच्या आमटीचा त्याने धसका घेतला होता. मला मात्र आनंद झाला. न सांगता एक दिवस जास्त राहावं, एवढी ती तिथे रमली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती आली. दोन्ही तळहातांवर मेंदी, लालभडक. भांड्यांत, शेणात हात घातले नाहीत की मेंदी अशी चढते, हे मला ठाऊक होतं. ती पिशवी ठेवून सरळ चुलीकडे निघाली. मी तिचा दंड धरला आणि ओट्यावर बसवलं. फुटलेल्या खापराबद्दल आम्ही दोघांनीही चकार शब्द काढला नाही, पण तिने कोपऱ्यातले तुकडे पाहिले होतेच.

मी विचारलं, काय केलंस गं एवढे दिवस? म्हणाली, काही नाही. झोक्यावर बसले. दुपारी आडवी झाले की आई शेजारी पडून माझ्या पाठीवरून हात फिरवायची, दिसत नाही ना तिला. मग स्वतःहून म्हणाली:

"आई सारखी म्हणायची, झोप गं दुपारची. मी नाही झोपले, अक्का. झोपले असते तर दुपार कळलीच नसती. मी जागीच पडून राहिले."

भावजय मान खाली घालून मेंदीकडे बघत होती. मग तिने अगदी दबकत विचारलं, "पुढच्या आखाजीला पण जाऊ का?"

बावन्न वर्षांची बाई. सून आणायच्या वयाची. अख्खं घर आणि शेत सांभाळणारी, आणि विचारतेय कोणाला, तर वर्षातून एकदा येऊन मांडे खाऊन जाणाऱ्या मला. मला इतकी लाज वाटली की रडूच आलं. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "विचारायचं नाही. सांगायचं. मी जाणार, म्हणून."

तिने भावाकडे पाहिलं. तो दारात उभा होता.

"पुढच्या आखाजीला मी जाणार," ती म्हणाली, पण इतकं हळू की मलाच जेमतेम ऐकू आलं. मग तिने पदर नीट केला, आणि तेच पुन्हा एकदा म्हणाली, दारापर्यंत पोचेल असं.