डावा कोपरा

हंगाम संपला की आमच्या जुन्या कबड्डी संघाच्या फळ्यावर कोण हवंय ते खडूने लिहितात. काल जाताजाता वाचलं, 'डावा कोपरा पाहिजे.' सायकल थांबवून मी पुन्हा वाचलं, अगदी चवीने. आठ वर्षं तो कोपरा माझा होता. कोपरा भरलेला असतो तोवर कुणाला दिसतच नाही. गेल्या वर्षी प्रशिक्षक अण्णांनी एका चढाईपटूच्या बदल्यात मला शेजारच्या मंडळाला देऊन टाकलं. वर सत्कार करून हातात अक्षरशः नारळ दिला. सगळे हसले होते.

अण्णा बाहेर आले. "परत येतोस का रे?"

"येतो ना, अण्णा. पहिला सामना तुमच्याशीच आहे आमचा. मैदानावर फोडायला नारळ मात्र आणू नका. तुमचाच ठेवलाय जपून."