वहिनींनी निवडलेली नणंद

गल्लीत सगळे त्यांना वहिनी म्हणत. बाप वहिनी म्हणे आणि त्याचा मुलगाही वहिनीच म्हणे. खाली शिवणाचं दुकान, वर घर, दोन्ही वहिनींच्याच नावावर. अख्ख्या गल्लीची मापं तोंडपाठ. कोणाचं पोट किती सुटलंय हे त्याच्या बायकोआधी वहिनींना कळायचं.

अशा वहिनींनी एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. गिऱ्हाईक हसलं, त्याही हसल्या. पण पुढच्याच आठवड्यात दोरे आणायला गेल्या आणि घरी परतायचं वळणच आठवेना, तेव्हा हसू आलं नाही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. विसरण्याचा आजार, नुकती सुरुवात, हळूहळू वाढत जाणार.

"डॉक्टर काय, काहीही सांगतात," यजमान घरी येऊन म्हणाले. "परवा मीसुद्धा चष्मा शोधत होतो."

"अहो, तो तुम्ही लग्नाआधीपासून शोधताय. माझं तसं नाही. वकीलबाईंकडे जाऊ या."

वकीलबाई जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "मुखत्यारपत्र करून ठेवा. पुढे तुम्हाला घराचे, बँकेचे, औषधपाण्याचे निर्णय घेता आले नाहीत, तर तुमच्या वतीने कोणी घ्यायचे ते त्यात लिहू. पण तुम्हाला समजतंय तोवरच. उशीर झाला तर कोर्ट माणूस नेमेल, आणि तो तुमच्या पसंतीचा असेलच असं नाही."

यजमान खिडकीबाहेर बघत राहिले. कागद केला की आजारावर शिक्का बसेल, असं त्यांना वाटत होतं. "मी आहेच की," ते हळूच म्हणाले.

"आहातच हो," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला. माणूस सोन्यासारखा, पण जन्मात कोणाला नाही म्हणाला नव्हता. ग्रंथपाल असताना उशिराचा दंड कधी घेतला नाही, आणि घरात एकही गालिचा नसताना दारावरच्या विक्रेत्यांकडून गालिचा झाडायची तीन यंत्रं घेतली. उद्या कोणी घर मागितलं, तर हे त्याला चहा पाजून किल्ली देतील!

"वन्संना बोलवा," वहिनी म्हणाल्या.

यजमानांना ठसकाच लागला. त्यांची थोरली बहीण मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. निवृत्त झाली, पण फक्त वसतिगृहातून. आली की आधी कपाटावरून बोट फिरवून धूळ बघायची, मग खुशाली विचारायची. लग्नाच्या दिवसापासून नणंद-भावजयीचं कधी पटलं नव्हतं.

"मी?" वन्सं वकीलबाईंच्या कचेरीत आल्या आल्या म्हणाल्या. "वहिनी, अगं, तुला बरं आहे ना?"

"बरं नाही म्हणूनच तर! वन्सं, माझी एक चूक तुम्ही आजवर सोडली नाहीत. माझ्या नावावर दुसऱ्या कोणी चूक करायला गेलं, तर त्याला सोडाल?"

वन्संनी खुर्ची ओढली आणि त्या कपाटावरची धूळ न बघताच बसल्या. हे पहिल्यांदाच घडत होतं.

मग वकीलबाईंनी भावंडांना बाहेर बसवलं आणि एकट्या वहिनींना प्रश्न विचारले. हा कागद कसला? मन बदललं तर रद्द करता येतो, ठाऊक आहे? कोणाचा दबाव?

"नणंदेचा दबाव जन्मभर आहे, पण या कागदासाठी नाही."

"पैसे कोणत्या बँकेत आहेत?"

नाव जिभेवर आलं आणि गेलं. इथेच घोडं अडलं तर आपल्या घराचं कोण ठरवणार? त्यांनी पदराशी चाळा केला, श्वास घेतला. "नाव आत्ता सुटलं बघा. फुलवाल्यासमोरची ती. बचत तिथे, दुकानाचं खातंही तिथेच. आणि त्यातला पैसा वन्संनी फक्त माझ्यासाठी आणि घरासाठी वापरायचा, स्वतःसाठी नाही. बरोबर ना?"

"अगदी बरोबर," वकीलबाई म्हणाल्या. "एखादं नाव विसरलं म्हणून समज जात नाही." आणि त्यांनी साक्षीदारांना आत बोलावलं.

सह्या झाल्यावर वन्सं जिन्यात थबकल्या. "वहिनी, तुला कुठे ठेवायची वेळ आली तर?"

"जमेल तोवर घरीच. यांची फार ओढाताण झाली, तर चांगली जागा बघा. तेव्हा मी जायचं नाही म्हणून रडेन. माझं तेव्हाचं ऐकू नका, आजचं ऐका."

वन्सं भावजयीचा हात धरून म्हणाल्या, "दोन्ही ऐकेन. आणि तुझ्याशी तेव्हाही भांडेन, सांगून ठेवते."

"भांडा," वहिनी म्हणाल्या आणि तो हात धरून सावकाश जिना उतरू लागल्या.