सत्ताविसावा फोटो

माझी आई सुनेत्रा अबू धाबीच्या एका शाळेत अकरा वर्षं जीवशास्त्र शिकवत होती. दरवर्षी ती फळ्यावर ड्युगाँग काढायची. ड्युगाँग म्हणजे समुद्रगाय. इथल्याच उथळ पाण्यात गवत चरते, अंगाने म्हशीएवढी आणि स्वभावानेही तशीच संथ. १९९८ साली सातवीतल्या हाफिजाने विचारलं, "मिस, हॅव यू सीन वन?" आईला खोटं बोलता येत नाही. ती "नो" म्हणाली आणि वर्ग हसला.

ते हसू तिला फार लागलं. घरी येऊन तिने जाहीर केलं, की मी पाण्यात उतरून ड्युगाँग पाहणार आणि त्याचा फोटो वर्गात लावणार. अडचण एवढीच, की तिला पोहता येत नव्हतं.

त्रेचाळिसाव्या वर्षी ती क्लबमध्ये बायकांच्या तासाला जाऊ लागली. पहिले दोन महिने तिने नुसतं पाणी गिळलं. माझे बाबा, प्रल्हाद, म्हणायचे, "पूलमध्ये ड्युगाँग दिसलाय म्हणे आज." ती ओला टॉवेल वाळत घालायची आणि पुढच्या सोमवारी पुन्हा जायची. मला तेव्हा तिची लाज वाटायची. आता त्या लाजेचीच लाज वाटते.

पोहायला आलं, मग सहली सुरू झाल्या. हमीद नावाच्या कोळ्याच्या होडीतून आम्ही तिघं तीनदा गेलो, तीनदा थालीपीठं खाऊन परत आलो. चौथी खेप २००१ च्या मार्चमधली. आईने पाण्यात चालणारा कॅमेरा घेतला होता, सत्तावीस फोटोंचा, एकदाच वापरायचा.

बाबांच्या मते फोटो म्हणजे माणसांचा. त्यांनी आम्हाला लाइफ जॅकेटमध्ये काढलं, हमीदबरोबर काढलं, डब्याबरोबरही काढलं. हमीदने इंजिन बंद करून "वो देखो" म्हटलं, तेव्हा आईने कॅमेरा हातात घेतला. एकच फोटो उरला होता. तिने बाबांकडे एकदा पाहिलं आणि ती पाण्यात उतरली.

लांबवर एक करडी पाठ वर आली, मागोमाग एक लहान पाठ. "दाब की!" बाबा ओरडले. आईने दाबलं नाही. एवढ्या लांबून काही आलं नसतं. दोन्ही पाठी बुडाल्या.

"भाभी, खलास," हमीद म्हणाला. "यल्ला, ऊपर आ जाओ."

"आई, प्लीज, लेट्स गो होम," मी म्हणाले. मला उलटी येत होती.

"पिल्लाला श्वास घ्यायला वर यावंच लागेल," आई म्हणाली. "मी इथेच आहे."

ती त्यांच्या मागे गेली नाही. हात पसरून तरंगत राहिली. ती दोघं आणखी दोनदा आली, दोन्ही वेळा लांबच. पाऊण तास झाला. मग आईने अचानक डोकं पाण्यात घातलं, आणि वर आली तेव्हा कॅमेऱ्याच्या काउंटरवर शून्य होतं.

बिल्डिंगखालच्या स्टुडिओतून पाकीट आलं. फोटो सव्वीस. स्टुडिओवाला म्हणाला, "मॅडम, आखिरवाला खराब था, इसलिए नहीं छापा." तो आपल्या परीने उपकारच करत होता. आईने निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरली. बराच वेळ धरली. "छापो," ती म्हणाली. "बडा छापो."

हिरवट गढूळ पाणी, त्यात एक मोठा करडा फुगवटा आणि त्याला चिकटून एक लहान. शेजाऱ्यांना तो दगड वाटला. बाबांना बुडालेली होडी वाटली. खरं तर मलाही दगडच वाटला होता. आईने तो एप्रिलमध्ये शाळेत नेऊन लावला. हाफिजा तोवर दहावीत गेली होती. आईने तिला मुद्दाम बोलावून घेतलं.

संध्याकाळी आई घरी आली आणि चप्पल न काढताच दारात उभी राहिली.

"काय म्हणाली ती?" बाबांनी विचारलं.

"म्हणाली, मिस, पिल्लू दूध पितंय का?"

एवढं सांगितलं आणि तिथेच उभ्या उभ्या तिला तीन वर्षांचं रडू आलं.