हसनाबाद मुक्कामी

माझ्या मोबाईलमध्ये माणसांचे फोटो फार थोडे आहेत. मुलाच्या वाढदिवसांचे, नवऱ्याच्या ऑपरेशननंतरचा एक, आणि सासूबाईंचा, तोही कुठल्याशा फॉर्मवर चिकटवायला काढलेला. बाकी सगळ्या बसगाड्या. समोरून, बाजूने, मागून, उभ्या, वळणाऱ्या, चिखलात रुतलेल्या. मी तीर्थपुरीला राहते आणि अंबडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. रोज जाऊन-येऊन करायचं म्हटलं की आयुष्याचा बराच भाग स्टँडवर जातो. बाकीच्या बायका तिथे शेंगा सोलतात, सुनांची उणीदुणी काढतात. मी गाड्यांचे फोटो काढायला लागले.

हा नाद नऊ वर्षांचा आहे आणि त्याबद्दल माझं कौतुक कुणी केलेलं नाही. नवरा म्हणतो, लोकांच्या बायका दागिन्यांचे फोटो काढतात. स्टाफरूममध्ये विचारतात, "काय मॅडम, आज कोणती गाडी नटून आली होती?" मी हसण्यावारी नेते, पण आतून रागच येतो. त्यांना दिसते ती एक लाल गाडी. मला ती कोणती लाल गाडी आहे ते दिसतं. खिडकीला दांड्या दोन की तीन, मागच्या चाकावरचा पत्रा कुठे चेपलाय, दाराजवळच्या आगाराच्या अक्षरांचा रंग कुठे उडालाय, यावरून मी गाडी सांगते. आमच्यासारख्या वेड्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. तिथे कुणी नुसता आरशाचा तुकडा टाकतो आणि बाकीच्यांनी गाडी ओळखायची. मी क्वचित हरते. त्या ग्रुपचा एकच कडक नियम आहे, फोटोत माणूस नको. मी कित्येकदा गाडी रिकामी होईपर्यंत उन्हात उभी राहिलेय आणि एखादी म्हातारी दारात रेंगाळली म्हणून मनातल्या मनात चरफडलेय.

हे इतकं सविस्तर सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते या नादापायी झालं. आणि ते मी केलं.

गेल्या उन्हाळ्यातला रविवार होता. सकाळी नऊलाच अंगण तापलं होतं. दोन माणसं आली. गावातलीच, तोंडओळखीची, बाजारात दिसणारी. एक पन्नाशीचा, पांढऱ्या कपड्यातला. दुसरा त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. दोघांनी चपला उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवल्या. थोरला सतरंजीवर बसला. धाकटा दारात उभा राहिला आणि शेवटपर्यंत उभाच होता. चहा नको म्हणाले. पाण्यालाही हात लावला नाही. तेवढ्या उन्हातून आलेली माणसं पाणी नको म्हणतात, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

"मॅडम, तुम्हाला गाड्यांची लई माहिती हाय म्हणं," थोरला म्हणाला.

नवरा हसला. "माहिती? त्यांनी त्यात डॉक्टरेट केलीय."

थोरला हसला नाही. "आमचं एक काम होतं. आमची पुतणी काल अंबडहून गाडीत बसली, अन् तिची बॅग गाडीतच राहून गेली. ओरिजनल मार्कशिटा हायेत त्यात. पोरगी नुसती रडून राह्यली. कोणती गाडी, काय, धड सांगून न्हाई राह्यली."

आपण कोणत्या गावाला गेलो हे न सांगता येणारी मुलगी कशी असेल, आणि बॅग हरवली तर माणूस आधी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीशी जातो की माझ्या घरी येतो, हे दोन्ही प्रश्न मला पडले नाहीत. ओरिजनल मार्कशीट म्हटलं की कुठलाही शिक्षक कळवळतो. शिवाय त्याने मोबाईल पुढे केला होता.

"तिनं मैत्रिणीला फोटू पाठवल्ता गाडीतून. एवढाच हाय आमच्याकडं."

मी तो फोटो माझ्या मोबाईलवर मागून घेतला आणि चष्मा पुसून मोठा करून बघायला लागले. अर्धी सरकवलेली काच, खिडकीच्या दांड्या, समोरच्या सीटची पाठ, आणि कोपऱ्यात दाराच्या उभ्या दांड्याचा जरासा तुकडा. बास. ग्रुपवर टाकला असता तर भल्याभल्यांची फजिती झाली असती. माझ्या अंगात उत्साह संचारला. मी त्यांना सांगत गेले, एखाद्या हुशार वर्गाला सांगावं तसं. हे बघा, दांड्या दोनच, म्हणजे जुनी बॉडी. सीटला हिरवं रेक्झिन, वर आडवी शिवण मारलेली. अशा दोनच गाड्या दुपारच्या अंबडवरून सुटतात. एक दक्षिणेला बीडकडे जाते, एक उत्तरेला जालना करून हसनाबादला. आता सीटवर ऊन बघा. दार डावीकडे असतं, म्हणजे ही खिडकी डावीकडची. दुपारचं ऊन पश्चिमेकडून येणार. डाव्या खिडकीतून ऊन आत यायचं तर गाडीचं तोंड उत्तरेला हवं. म्हणजे हसनाबाद. मुक्कामी गाडी. रात्री तिथेच थांबते आणि सकाळी परत येते.

धाकट्याने दारातून मान आत घातली होती. थोरला एकटक माझ्याकडे बघत होता. नऊ वर्षांत माझं हे ज्ञान कुणी असं कान देऊन ऐकलं नव्हतं. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

"बराबर," तो हळूच म्हणाला. "मधी कुठं कुठं थांबती? हसनाबादला कितीला पोचती?"

मी तेही सांगितलं. तो आणखी काही विचारायच्या आत आपणहून वर जोडलं, "शेवटच्या स्टॉपला उतरणारे मोजकेच असतात. स्टँडवर चहावाला आहे, कोण उतरलं, कुणाकडे गेलं, त्याला सगळं माहीत असतं. त्याला विचारा."

थोरल्याने दोन्ही हात जोडले. "तुमचे उपकार झाले, मॅडम." धाकट्याच्या पायात तेवढ्यात चपला गेल्या होत्या.

पुढचे चार तास मी मजेत होते. फोटो ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ओळखा. एकालाही जमलं नाही. पुण्याचे, कोल्हापूरचे, नागपूरचे एकेक पट्टीचे लोक त्या सीटच्या शिवणीवर चर्चा करत बसले. मग मी उत्तर टाकलं आणि शाबासक्या गोळा केल्या. जेवणं उरकल्यावर दीडच्या सुमाराला मनात आलं, आपणच कंडक्टरला फोन करून बॅगचं विचारावं. त्या गाडीचा कंडक्टर माझ्या ओळखीचा. त्याच्या गाडीचे फोटो मी त्याला पाठवते आणि तो ते कौतुकाने घरी दाखवतो.

"बॅग?" तो म्हणाला. "न्हाई मॅडम, काही राहिलं न्हाई गाडीत. काल हसनाबादला उतरणारी पोरगी एकच होती, चष्मेवाली. तिची बॅग तर तिनं बराबर उतरवली. रिटायर झालेल्या नर्सबाई हायेत तिथं, माझ्या वळखीच्या, त्या घ्यायला आल्त्या तिला. पोरीला नर्सिंग करायचंय अन् घरचे दहा दिवसांत लग्न लावून राह्यले म्हणं. नर्सबाई म्हणल्या, ठिवते चार दिवस, तिच्या बापाला समजावते. कुणाला बोलू नका असं बी म्हणल्या. तुम्ही म्हणून सांगितलं."

तो पलीकडून हॅलो हॅलो करत राहिला. मी फोन तसाच बंद केला आणि तो फोटो परत उघडला.

अर्धी सरकवलेली काच. बाहेर एखाद्या झाडाची गर्द सावली असेल, कारण काचेचा तेवढा भाग काळसर होता. त्या काळसर भागात एक चेहरा होता. मोबाईल तोंडासमोर धरलेला, त्याच्यावर चष्मा, मधोमध भांग, आणि डोळे थोडे हसरे. दोन वर्षं ती माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसली होती. तिच्या वहीतल्या नकाशात नद्या नेहमी अगदी बारीक निळ्या पेन्सिलने काढलेल्या असायच्या. मी शिवण मोजली, दांड्या मोजल्या, ऊन कुठल्या बाजूने येतं ते बघितलं. तिला बघितलं नाही. ग्रुपवरच्याही एकाने बघितलं नाही.

कंडक्टरला परत फोन करून सगळं सांगितलं. त्याने हसनाबादच्या चहावाल्याला नर्सबाईंकडे पिटाळलं. अर्ध्या तासाने त्याचाच फोन आला. "मॅडम, जल्दी केली त्यांनी. एक वाजताच पांढरी जीप आल्ती म्हणं. चहावाल्यानंच घर दावलं त्यांना, त्याला काय माहीत? पोरगी गेली घरच्यांसंगं. नर्सबाई दारात बसल्यात, कुणाशी बोलून न्हाई राह्यल्या."

पोलिसांना फोन करावा असं दोनदा मनात आलं. मुलगी एकोणीस पूर्ण होती, हे मला नक्की माहीत होतं, तिचा दाखला मीच तपासला होता. पण त्यांनी पहिलं विचारलं असतं की पत्ता कुणी दिला. नवरा म्हणाला, "घरचीच माणसं आहेत. खाणार आहेत का तिला?" मला तेच ऐकायचं होतं. मी मोबाईल पालथा ठेवला आणि भांडी घासायला बसले.

आठवड्याभरात लग्नपत्रिका घेऊन थोरला स्वतः आला. या वेळी पाणी प्यायला, चहाही घेतला. पत्रिकेवर आमची नावं हाताने लिहिली होती. "तुमच्यामुळं इज्जत राहिली, मॅडम. यायलाच पाहिजे." जाताना म्हणाला, "पोरीला काही बोललो न्हाई आम्ही. तुमचं नाव कुठंच निघणार न्हाई." तो मला धीर देत होता. लग्नाला मी गेले नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. वाजंत्री घरापर्यंत ऐकू येत होती.

दोन महिन्यांनी ती मला अंबडच्या स्टँडवर दिसली. म्हणजे तिनेच हाक मारली. बीडच्या गाडीत खिडकीशी बसली होती, हातभर हिरव्या बांगड्या, डोक्यावर पदर. चष्मा नव्हता. डोळे बारीक करून बघत होती.

"दिसून न्हाई राह्यलं नीट, पण गाडीकडं असं टक लावून तुम्हीच उभ्या राहता मॅडम."

"चष्मा कुठे गेला?"

"सासरी आवडत न्हाई." मग इकडे तिकडे बघून घाईने म्हणाली, "सासूबाई पाण्याला गेल्यात. मॅडम, मला एक सांगा. मी नर्सबाईंकडं चालले, हे जगात एकटीला माहीत होतं. माझ्या मैत्रिणीला. तिलाच सांगून गेल्ते. तिनंच सांगितलं ना घरी?"

त्या मैत्रिणीलाही मी शिकवलेलं आहे. शेवटपर्यंत दोघी एकाच बाकावर.

"ती म्हणती, मोबाईल हिसकून घेतला, मारलं, पण मी गाव सांगितलं न्हाई. मंग कळलं कसं त्यांना? लग्नात आल्ती, मांडवातून हाकलून दिलं मी तिला. सगळ्यांसमोर. बरं केलं ना मॅडम?"

मैत्रिणीने सांगितलं असतं तर ते दोघे माझ्या सतरंजीपर्यंत आले असते कशाला? त्या पोरीने मार खाल्ला आणि गावाचं नाव तोंडातून काढलं नाही. ते नाव मी काढलं, वीस मिनिटांत, कुणी बोटही न लावता, खूश होऊन. एवढंच सांगायचं होतं. खिडकी माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होती आणि ती माझ्याकडे आस लावून बघत होती.

"तब्येतीला जप," मी म्हणाले.

सासू पाण्याची बाटली घेऊन चढली. गाडी सुटली. मी हात हलवला, पण तेवढ्या अंतरावरून तिला तो दिसला नसावा.

ती मैत्रीण आता अंबडला बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फार वाळली आहे, कुणाशी बोलत नाही. सकाळच्या गाडीला तीर्थपुरीहून मरणाची गर्दी असते. ती माझ्या आधी येऊन थांबते, गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरते, एक तिची आणि एक माझी. मी चढले की म्हणते, "या मॅडम," आणि रुमाल उचलून आत सरकते. मी जाते आणि तिच्याशेजारी बसते.