एडका कुणी विकलाच नाही

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर मी विश्रामबागेतल्या एका महाविद्यालयात गुन्हेगारीशास्त्र शिकवायला जातो. माणूस गुन्हा का करतो, हे मुलांना तोंडपाठ असतं: गरिबी, संगत, संधी. ते ऐकलं की कोरेगावचा एडका माझ्यासमोर येऊन उभा राहतो.

माणचा एक मेंढपाळ कळप घेऊन त्या भागात आला होता. शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेतात, बदल्यात धान्य देतात. भर दुपारी त्याचा एडका चोरीला गेला. सगळा कळप त्या एडक्यामागे चालायचा. फिर्याद नोंदवून होते न होते तोच ठाण्यात निनावी फोन आला, की वीटभट्टीवरचा एक मजूर कळपाजवळ घुटमळत होता. त्याने पूर्वी शेळीचोरीची शिक्षा भोगलेली. गरिबी, संगत, पूर्वेतिहास, सगळं पुस्तकाबरहुकूम. मी जीप पाठवून त्याला आणवला.

दोन दिवस सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत बसवला. दुपारभर विटा भरत होतो, एवढंच तो सांगे. वरिष्ठ म्हणाले, अटक दाखवा. पण आठवडी बाजार, खाटकांची दुकानं पालथी घातली, तरी एडका कुठे विकला गेला नव्हता. गरजेपोटी चोरणारा जनावर सांभाळत बसत नाही. मी साफ नकार दिला. बदलीची धमकी आली. खुशाल करा म्हणालो.

मग मेंढपाळाच्या बायकोला विचारलं, गेल्या साली कळप कुणाच्या रानात होता? तिने एका ऊसबागायतदाराचं नाव घेतलं. यंदा त्याच्या चुलतभावाकडे होता. एडका बागायतदाराच्याच गोठ्यात सापडला, गळ्यातली घंटा काढलेली, पुढ्यात हिरवा मका. फोनही आपणच केल्याचं त्याने कबूल केलं.

"आमचं रान सोडून भावकीच्या रानात बसत्यात? लय माज आलाय त्यास्नी," तो म्हणाला. पश्चात्ताप नावाला नव्हता.

मजुराला सोडलं, पण तो दारातून हलेना. जीप भट्टीवर गेली म्हणून मालकाने त्याला काढून टाकलं होतं.

"चोरी सोडली व्हती, सायेब," तो म्हणाला. "तुमीच मला परत चोर कराय निगालाय."

मला लाज वाटली. मी गणवेशातच भट्टीवर गेलो आणि मालकाने त्याला कामावर घेईपर्यंत तिथून हललो नाही.

आजही फळ्यावर गुन्ह्याची कारणं लिहून झाली की मी खाली आणखी एक लिहितो: तपास अधिकारी. अभ्यासक्रमात हे नाही, असं एका प्राध्यापकांनी बजावलं. मी ते पुसलेलं नाही.