पाण्याची चव

भोरच्या म्युनिसिपालटीचे अध्यक्ष खुर्चीत फारसे टेकतच नसत. रोज सकाळी छत्री आपटत आळ्या पालथ्या घालायचे आणि कुठल्याही दारात उभे राहून म्हणायचे, "पाणी द्या हो जरा." चूळ भरल्यासारखा पहिला घोट तोंडात घोळवायचे. गावाला कसलं पाणी मिळतं ते प्यायल्याशिवाय कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

एकदा ते असेच महारवाड्यात गेले. तिथला म्हातारा गडबडला.

"आमच्या हातचं पानी चालंल तुमास्नी?"

"त्यासाठीच आलोय."

प्यायले, तोंड वाकडं केलं आणि त्याच दिवशी तिथली विहीर उपसायला माणसं लावली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात आले, तेव्हा आईने तांब्या त्यांच्या हातात दिला नाही. उंबऱ्याच्या आतूनच उंच धरला. त्यांची छत्री पहिल्यांदाच गप्प झाली. ती काखेत मारून ते वाकले, ओंजळ पुढं केली. वरून पडणारी धार मुकाट्याने प्यायले.

"पाणी चांगलं आहे हो तुमचं," म्हणाले आणि शेजारच्या दाराकडे वळले.

ते चांगलं पाणी त्या दिवशी माझ्या घशाखाली उतरेना.